इंचभर पिच, दोनशे फेरे

अमेरिकेत तळ्यातला बास मासा गळाने पकडायच्या मोठ्या स्पर्धा होतात. मासा गळाला लागेपर्यंत बसून राहायची चिकाटी हवी हे खरं, पण माशाच्या जागेवर बाकीच्यांच्या आधी पोचायला हवा तो वेग. म्हणून तिथली २१ फुटी बास बोट मागे २५० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन टांगून ताशी ७० मैलांनी, म्हणजे ११३ किलोमीटरने, पाण्यावरून सुटते. वेगवान आउटबोर्ड बोटीचं गणित समजून घ्यायला हीच बोट बरी. ती ना खेळणं, ना विक्रमासाठी बांधलेला राक्षस.

या बोटीच्या पंख्याचा, म्हणजे प्रॉपेलरचा, व्यास साधारण साडेचौदा इंच. इंजिन मिनिटाला ६ हजार फेरे घेतं. ते फेरे खालच्या गिअरमध्ये १.७५ पटीने कमी होऊन पंख्यापर्यंत ३,४३० उरतात, म्हणजे सेकंदाला ५७. एवढ्या फेऱ्यांत पात्याचं टोक नुसतं गोल फिरताना ताशी २३८ किलोमीटरचा वेग गाठतं. त्यात बोटीचा पुढे जायचा वेग मिळवला की पात्याचं टोक ताशी २६३ किलोमीटरने पाणी कापत असतं. हवा नव्हे, पाणी. हवेपेक्षा आठशे पटींहून जास्त घन.

आता त्या टोकावरचा एक ग्रॅम धातू घ्या. गोल फिरण्यामुळे तो बाहेर फेकला जायला बघतो, आणि त्याला धरून ठेवायला लागणारा जोर निघतो गुरुत्वाकर्षणाच्या २,४०० पट. एक ग्रॅम स्टेनलेस स्टील तिथे जवळजवळ अडीच किलोने ओढत असतं. ॲल्युमिनियमचा पंखा या ओढाताणीत वाकतो. फार नाही, पण पुरेसा. म्हणून या वेगाला लोक स्टीलकडे वळतात. स्टीलचं पातं पातळ ठेवता येतं आणि तरी ते आपला आकार सोडत नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे पाण्याऐवजी लोणी असतं तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता ते अंतर. पिच २४ इंच असेल तर एका फेऱ्यात ६१ सेंटिमीटर. वेग काढायचं सूत्र कुठल्याही बोटवाल्याला तोंडपाठ असतं: इंजिनचे फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले १०५६. हा १०५६ आभाळातून पडलेला नाही. मैलात ६३,३६० इंच असतात, त्याला तासाच्या ६० मिनिटांनी भागलं की १०५६ येतात. आपल्या बोटीचे आकडे घातले की उत्तर येतं ताशी ७७.९ मैल. बोट प्रत्यक्षात जाते ७०ने. मधले जवळपास आठ मैल पाण्याने खाल्ले. याला स्लिप म्हणतात. इथे ती दहा टक्के आहे. प्रत्येक फेऱ्याला ६१ सेंटिमीटर मिळायला हवे होते, मिळाले ५५. सेकंदाला ५७ वेळा सहा-सहा सेंटिमीटर बुडीत खाती.

स्लिप शून्यावर आणता येईल का? नाही. पातं पाण्याला थोडंसं घसरत, कोनात कापतं म्हणूनच ते ढकलू शकतं. स्लिप नाही तर धक्काही नाही. म्हणून कुणी आपल्या बोटीची स्लिप दोन टक्के आहे असं सांगू लागला तर खुशाल समजावं की त्याचा फेरे मोजणारा काटा चुकतोय किंवा पंख्यावर कोरलेली पिच खरी नाही.

आणि इथे पहिला धक्का बसतो. पिच एक इंचाने वाढवली, २४ची २५ केली, तर वेग सरळ वाढायला हवा. सूत्र सांगतं, जवळपास तीन मैलांनी. पण इंजिनला आता जास्त ओझं ओढायचं आहे, ते दमतं, आणि त्याचे फेरे दीडशे ते दोनशेने उतरतात. १८० फेरे उतरले असं धरून हिशेब पुन्हा मांडला की हाती उरतो पाऊण मैल. एवढ्यासाठी हजार-बाराशे डॉलरचा नवा पंखा घ्यायचा? लोक घेतात. उलट पिच कमी केली की इंजिन मोकळं होऊन फेरे वाढतात, बोट झटक्यात पाण्यावर येते, पण पुढे जाऊन इंजिन आपल्या कमाल मर्यादेवर डोकं आपटतं आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू फेरे तिथेच रोखून धरतो. बरोबर पंखा तो, जो पूर्ण थ्रॉटलवर आणि नेहमीच्या वजनासह इंजिनला कंपनीने दिलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवतो. त्याच्याही पुढे एक बारीक खुबी आहे. पात्याची मागची कड किंचित, दोन-तीन मिलिमीटर आत वळवलेली असते. याला कप म्हणतात. हाताचं बोट फिरवून पाहिलं तर जेमतेम जाणवते, पण इंजिनला ती इंचभर पिच वाढल्यासारखीच वाटते. दगडाला लागून ती कड सपाट झाली की मालक महिनाभर इंजिनमध्ये दोष शोधत बसतो.

पंखा पूर्ण बुडालेला असेल तर त्याच्या वर्तुळातून दर सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार लिटर पाणी जातं. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात उभा राहणारा दहा हजार लिटरचा टँकर हा पंखा तीन सेकंदांत रिकामा करील. त्या बदल्यात मिळतो अंदाजे ४०० किलोचा जोर, तोही तीन पात्यांवर वाटलेला. प्रत्येक पातं हाताच्या पंजापेक्षा थोडं मोठं, आणि त्यावर सव्वाशे-दीडशे किलोचा भार.

एवढ्या भाराला पाणी शहाण्यासारखं वागत नाही. पातं पाण्याला मागे ढकलतं आणि दुसऱ्या बाजूने ओढतं. ओढायच्या बाजूला दाब कमी होतो. २० अंश तापमानाचं पाणी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४३व्या हिश्श्यावर उकळतं, गरम न होता. आपल्या पात्याच्या टोकाशी वेगामुळे जो दाब खेळतो तो २६ वातावरणांइतका आहे. त्यातला चार टक्के जरी ओढ म्हणून उलटला तरी वातावरणाने दिलेला एक अख्खा दाब संपतो आणि पातं थंड पाण्यात वाफ तयार करू लागतं. ते बुडबुडे पुढे सरकून जास्त दाबात आले की फुटत नाहीत, आत कोसळतात, आणि स्टीलचा पृष्ठभाग टिचक्या मारल्यासारखा खरवडून काढतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये 'टर्बिनिया' ही पहिली टर्बाइनवर चालणारी नाव पाण्यात सोडली तेव्हा तिचा पंखा इतका जोरात फिरला की पाण्याला धरूच शकेना. इंजिनची ताकद होती, वेग नव्हता. शेवटी त्याने तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे, असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवात स्पिटहेडला ही चिमुकली नाव ३४.५ नॉट वेगाने अख्ख्या आरमारासमोरून पळाली. आजची बास बोट तिच्या पावणेदोन पट वेगाने जाते, एका पंख्यावर.

कॅव्हिटेशनवर रेसिंगवाल्यांनी काढलेला उतारा असा की पंखा अर्धा पाण्याबाहेरच काढायचा. वरचं पातं हवेतून जातं, खाली उतरताना स्वतःबरोबर हवा घेऊन जातं, आणि मागच्या बाजूला वाफेऐवजी हवा राहते. हवेचा बुडबुडा तसा कोसळून धातू खात नाही.

यातून दुसरा इंच सुरू होतो, उंचीचा. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर, ट्रान्समवर, थेट न टांगता जॅकप्लेट नावाच्या सरकत्या चौकटीवर टांगतात. ती पाव-पाव इंचाने वर-खाली करतात. पाव इंचाने काय होणार असं वाटेल. ११३च्या वेगाला इंजिनच्या पाण्यातल्या नाकाडावर, गिअर असतात त्या गोळीच्या टोकावर, पाण्याचा जो दाब येतो तो ५० मीटर खोल बुडी मारल्यावर येईल तितका असतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. म्हणून पाण्यात राहिलेला धातूचा प्रत्येक इंच महाग पडतो, आणि इंजिन जितकं वर तितका वेग जास्त. वर घ्यायची हद्द दोन गोष्टी ठरवतात. एक तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट ढिली पडते. आणि दुसरं, जास्त धोक्याचं: इंजिनला थंड करायचं पाणी त्याच नाकाडाच्या भोकांतून आत येतं. ती भोकं पाण्याच्या वर आली की वेग सुरेख मिळतो आणि काही मिनिटांत इंजिन भाजून निघतं. म्हणून उंची वाढवणाऱ्याची नजर वेगाच्या काट्यावर कमी आणि पाण्याच्या दाबाच्या काट्यावर जास्त हवी. बास बोटीत पंख्याचा मधला दांडा तळाच्या सपाट पट्टीपेक्षा साधारण तीन इंच खाली ठेवून सुरुवात करतात, मग वर चढतात.

मग ताकदीचं काय? १९२० च्या दशकात गोल्ड कप जिंकणाऱ्या 'बेबी बूटलेगर' बोटीचा रचनाकार जॉर्ज क्राउच याने एक सूत्र मांडलं, ते आजही चालतं. बोटीचा वेग हा तिच्या अश्वशक्तीला वजनाने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळावर अवलंबून असतो; त्या वर्गमुळाला बोटीच्या जातीनुसार एक गुणक लावायचा. हे वर्गमूळ फार कंजूष आहे. आपल्या ७० मैलांचे ७५ करायला २५०ची २८७ अश्वशक्ती लागते. ८० करायला ३२७. शंभर मैल करायचे झाले तर ५१०, म्हणजे दुप्पट ताकद देऊन वेग दीडपटही होत नाही. आणि हे सगळं वजन न वाढता व्हायला हवं, जे होत नाही. तेच गणित उलट बाजूने केलं तर गंमत आहे. भरलेली बोट १,४०० किलोची असेल आणि त्यातलं शंभर किलो उतरवलं तर अडीच मैल फुकट मिळतात. तेवढ्यासाठी इंजिनकडून १९ अश्वशक्ती मागावी लागली असती. शंभर किलो म्हणजे काय? दीडशे लिटर पेट्रोलच ११० किलोचं होतं.

शक्तीचे आकडे मात्र डोळे दिपवतात. ओले एव्हिनरूडने विस्कॉन्सिनमध्ये १९०९ मध्ये विकायला काढलेलं आउटबोर्ड दीड अश्वशक्तीचं होतं आणि वजन ६२ पौंड, म्हणजे एका अश्वशक्तीला ४१ पौंड लोखंड. त्याच विस्कॉन्सिनमधल्या मर्क्युरी मरीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये १२ सिलिंडरचं, ७.६ लिटरचं, ६०० अश्वशक्तीचं इंजिन काढलं. वजन १,२६० पौंड. ताकद ४०० पट, वजन २० पट, आणि अश्वशक्तीमागे धातू फक्त २.१ पौंड. या इंजिनला दोन गतींचा गिअरबॉक्स आहे. त्यामुळे सुटताना पंखा हलका फिरतो आणि वेगात जड. पंखा निवडताना माणसाला जी तडजोड करावी लागते ती इथे यंत्रानेच अर्धी सोडवली.

टिकाऊपणाचा आकडा हवा असेल तर १९५७ मध्ये जावं लागेल. मर्क्युरीच्या कार्ल कीखेफरने फ्लोरिडातल्या एका तळ्याला 'लेक एक्स' असं गूढ नाव देऊन तिथे गुप्तपणे इंजिनं पारखायला सुरुवात केली होती. तिथे त्याने ६० अश्वशक्तीची इंजिनं लावलेल्या दोन बोटी रात्रंदिवस गोल गोल फिरवल्या. पेट्रोलही चालत्या बोटीतच भरायचं. पृथ्वीच्या परिघाइतके २५ हजार मैल साडेचौतीस दिवसांत झाले. सरासरी वेग ताशी तीस मैल, म्हणजे फार नाही. पण इंजिन मिनिटाला ५ हजार फेरे घेत होतं असं धरलं तर एवढ्या काळात ते पंचवीस कोटी वेळा फिरलं. टू-स्ट्रोक, सहा सिलिंडर, म्हणजे दीड अब्ज ठिणग्या. कीखेफरचं समाधान झालं नाही. त्याने त्या बोटी ५० हजार मैलांपर्यंत नेल्या. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्याच घराण्यातलं इंजिन लावून ह्यूबर्ट एन्ट्रॉपने सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १०७ मैलांपेक्षा जास्त वेग गाठला.

वजन आणि शक्तीचं टोकाचं गणित बघायचं तर फॉर्म्युला वन पॉवरबोट बघावी. इंजिनासकट बोट ३९० किलोची, अडीच लिटरचं टू-स्ट्रोक मर्क्युरी, मिनिटाला १० हजारांवर फेरे आणि ४०० अश्वशक्ती. पेट्रोल ताशी १२० लिटर. थांबलेली बोट दोन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरला पोचते. उंचावरून सोडलेला दगड दोन सेकंदांत ताशी ७०ला पोचतो. म्हणजे ही बोट पाण्यावर आडवी पडते असं म्हणा, आणि दगडापेक्षा जोरात पडते. गंमत म्हणजे चालकासकट ४७० किलो धरून, रेसिंग बोटीसाठीचा गुणक २३० घेऊन क्राउचच्या शंभर वर्षं जुन्या सूत्रात हे आकडे टाकले तर उत्तर येतं ताशी २३० किलोमीटर, आणि या बोटी खरोखर त्याच आसपास धावतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्या आंध्रात अमरावतीला कृष्णेवर धावल्या. मुंबईकरांनी त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१७ मध्ये, मरीन ड्राइव्हसमोर पी-वन शर्यत पाहिली. त्या २८ फुटी पँथर बोटींच्या मागेही २५० अश्वशक्तीचंच आउटबोर्ड होतं, म्हणजे आपल्या बास बोटीच्याच तोलामोलाचं.

आउटबोर्डचा वेग आणखी कुठवर ताणला गेला? १९८९ मध्ये बॉब वार्टिंगरने ॲरिझोनातल्या पार्करला कोलोरॅडो नदीवर ताशी १७६ मैल, म्हणजे २८४ किलोमीटर गाठले. त्या वेगाला पाण्यात राहिलेल्या नाकाडावरचा दाब काढला तर तो ३१७ मीटर खोलीवरच्या दाबाइतका निघतो. पाणबुडीने तिथे जाताना दोनदा विचार करावा, आणि इथे ते काम एक मुठीएवढा धातूचा तुकडा पाण्याच्या वरच्या वीतभर थरात करत होता.

याच्या दुसऱ्या टोकाला श्रीमंतांची वाट आहे. २०२० मध्ये मायामीत दाखवलेल्या सिगरेट कंपनीच्या ५९ फुटी 'टिरान्ना'च्या मागे ४५० अश्वशक्तीची सहा इंजिनं एका ओळीत टांगलेली होती. एकूण २,७०० अश्वशक्ती. इंजिनांचंच वजन पावणेदोन टनांच्या पुढे. कमाल वेग ताशी ८० मैल. आपल्या बास बोटीपेक्षा दहाच मैल जास्त, ताकद जवळजवळ अकरा पट. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल ताशी हजार लिटरच्या आसपास जावं, म्हणजे किलोमीटरला पावणेआठ लिटर. मान्य आहे, ती बोट जणू घर घेऊन पळते आणि समुद्राच्या लाटा झेलते. तुलना पूर्ण न्याय्य नाही. तरी ते आकडे वाचताना मला त्या पाव इंचाच्या जॅकप्लेटवाल्याबद्दलच जास्त आदर वाटतो. सहा इंजिनं विकत घेता येतात. इंच शोधून काढावा लागतो.

तो शोधायची पद्धत फार साधी आहे, म्हणूनच कंटाळवाणी. टाकी अर्धी. बोटीत नेहमी असतात तेवढीच माणसं. वेग जीपीएसवरून घ्यायचा, कारण बोटीचा स्वतःचा काटा आशावादी असतो. एकाच दिशेने नको, जाऊन परत येऊन सरासरी काढायची, म्हणजे वारा आणि प्रवाह वजा होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा आणि उंची दोन्ही एकदम बदलणारा माणूस संध्याकाळी घरी काही शिकून जात नाही. तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा लावला तर बोट मागून उचलली जाते, वळणावर पाणी सोडत नाही, पण वरच्या टोकाचा मैल-दीड मैल जातो. ज्याला मासे पकडायचे आहेत तो हा मैल आनंदाने देतो. ज्याला शेजारच्या बोटीला हरवायचं आहे तो देत नाही.

एवढं सगळं जुळून आलं तरी ते त्या तळ्यापुरतं असतं. लेक ताहो समुद्रसपाटीपासून ६,२२५ फुटांवर आहे. हवा विरळ, आणि साध्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के उतरते. फ्लोरिडात २५० अश्वशक्ती दाखवणारं इंजिन तिथे २०३ दाखवतं. पंखा तोच ठेवला तर फेरे ४००ने पडतात आणि जड बोट पाण्यावर यायलाच कंटाळते. तिथले लोक तेच इंजिन दोन-तीन इंच कमी पिचच्या पंख्यावर चालवतात, आणि डोंगर उतरून खालच्या तळ्यावर जाताना मोठा पंखा गाडीत टाकून नेतात.